भंगाराचा मॅग्नेट दुपारी दम का टाकतो?

कुपवाडचा_गडी | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीच्या कडेला आमचं भंगाराचं आवार आहे. वडिलांच्या काळात हातगाडी आणि तराजू एवढाच पसारा होता, आता पोकलेन आहे. गेल्या महिन्यात त्या पोकलेनला जुना मॅग्नेट, म्हणजे विजेवरचा चुंबक, लावला. गोल, १२०० मिलिमीटरचा, २२० व्होल्ट डीसी. सोबत पॅनेल आणि डिझेल जनरेटर. विकणारा म्हणाला, "दहा टन उचलतो." मी म्हटलं दहा कशाला, माझं एका टनात भागतंय.

सकाळी आठला चालू केला की एका उचलीला साडेपाचशे किलोपर्यंत मिक्स भंगार येतं. अंदाजपंचे सांगत नाही, ट्रक काट्यावर उभा करून दहा उचली मोजल्यात. जेवणानंतर तीच उचल साडेतीनशेवर येते. माल तोच, ड्रायव्हर तोच, मॅग्नेट तोच.

दुसरं दुखणं. स्विच बंद केला तरी टर्निंगचा, म्हणजे लेथवरचा, चुरा सुटत नाही, मिशा फुटल्यागत लोंबकळत राहतो. पोरगा काठीनं झाडतो.

तिसरं म्हणजे परवा एक खडी क्रशरचा जबडा आला. दोन माणसांना हलेना. मॅग्नेट टेकवला, तर शून्य! जणू लाकडाचा ओंडकाच. इतकं जड लोखंड आणि मॅग्नेट ओळख दाखवत नाही, हे काय गौडबंगाल?

विकणारा आता फोन उचलत नाही. जाणकारांनी सांगा.

---

मिसळ_कमी_तर्री_जास्त | सोमवार, रात्री १०:०५

सांगलीच्या उन्हात दुपारी जेवल्यावर मी पण साडेतीनशे उचलत नाही. मॅग्नेटला झोपू द्या की जरा.

---

पॉवरहाऊस_७७ | सोमवार, रात्री १०:३०

वायंडिंग बसलंय. आतले फेरे एकमेकांना चिकटले की असंच होतं. खोलून रिवाइंड करून घ्या, दुसरा इलाज नाही. नाहीतर उन्हानं लोखंडातलं चुंबकत्व कमी होत असेल. गरम लोखंड चुंबकाला दाद देत नाही, हे शाळेत शिकलोय.

---

निवृत्त_वायरमन | मंगळवार, सकाळी ६:१५

गडी, थांबा. कुणी सांगितलं म्हणून मॅग्नेट खोलू नका. मी चौतीस वर्षं पलूस भागातल्या कारखान्यात क्रेन आणि मॅग्नेटच्या वायरिंगमध्ये घालवली आहेत. न मोजता रिवाइंडला गेलेले नग पुष्कळ पाहिले, त्यातले निम्मे धडधाकट होते.

आधी एवढं सांगा:

सकाळी पहिल्या उचलीला किती अँपिअर घेतो आणि दुपारी तीनला किती? दोन्ही वेळा व्होल्ट किती? अंगावर पट्टी आहे का, आणि तिच्यावर ड्यूटीचा आकडा काही लिहिलाय का, ५० टक्के, ६० टक्के असं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्रायव्हर स्विच कधी चालू करतो आणि कधी बंद? तुम्ही सांगू नका. एक तास शेजारी घड्याळ घेऊन बसा आणि लिहून काढा.

---

कुपवाडचा_गडी | मंगळवार, दुपारी १:१०

काका, नमस्कार. आमच्या वायरमनचा क्लॅम्प लावला. मीटर शून्य दाखवतोय! आणि मॅग्नेट माल उचलतोय. आता हसावं का रडावं?

---

निवृत्त_वायरमन | मंगळवार, दुपारी १:४०

हसा. तुमच्या वायरमनकडचा क्लॅम्प एसीचा आहे. तो आतल्या ट्रान्सफॉर्मरवर चालतो, त्याला हलता करंट लागतो. मॅग्नेटला जातो डीसी, एकाच दिशेचा. त्याला तो क्लॅम्प आंधळा. डीसी मोजणारा क्लॅम्प मागवून घ्या, त्यात हॉल सेन्सर असतो. मिरजेत वेल्डिंग मशिन दुरुस्त करणाऱ्यांकडे बघा, त्यांच्यापैकी कुणाकडे तरी निघेल.

---

बीडकाम_सातारा | मंगळवार, सायंकाळी ७:२०

क्रशरच्या जबड्याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी साताऱ्यात फाउंड्रीत आहे.

तो जबडा मँगनीज पोलादाचा असणार. लोखंडात १२ ते १४ टक्के मँगनीज आणि सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन. रॉबर्ट हॅडफील्डनं १८८२ मध्ये हे पोलाद शोधलं. त्याची गंमत अशी की जितका मार खाईल तितका त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो. म्हणून क्रशरचे जबडे आणि रेल्वे रुळांची क्रॉसिंगं त्याची करतात. पण मँगनीजमुळे त्याच्या आतली अणूंची मांडणी बदलते आणि ते चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे लोखंड आहे, पण मॅग्नेटच्या जातीबाहेरचं.

आता मजा बघा. तुमच्याच मॅग्नेटच्या पोटाखाली, मधला खांब आणि बाहेरचं कडं यांच्यामधली जी गोल थाळी आहे ना, ती बहुतेक त्याच मँगनीज पोलादाची आहे. ती साध्या लोखंडाची केली असती तर चुंबकाच्या रेषा मधल्यामध्ये थाळीतूनच पलीकडे गेल्या असत्या, खाली भंगारात उतरल्याच नसत्या. आणि दिवसभर सळ्या, गाटरं वर आपटतात, तो मार मँगनीजच झेलू जाणे.

जबडा वेगळा ठेवा, मिक्समध्ये घालू नका. मँगनीज पोलाद ओतणारे त्याला वेगळा भाव देतात.

---

पुण्यात_पण_मनाने_तासगावात | मंगळवार, रात्री ९:००

बीडकाम म्हणजे? बीड जिल्ह्याशी काय संबंध?

---

बीडकाम_सातारा | मंगळवार, रात्री ९:१०

आमच्याकडे ओतीव लोखंडाला बीड म्हणतात. जुना इंजिनचा ब्लॉक, गिरणीचं चाक, मोटारीचा ब्रेक ड्रम, हे सगळं बीड. हातोड्यानं मारलं की वाकत नाही, तुकडा पडतो. तासगावला पुन्हा येऊन राहा, सगळं आठवेल.

---

कुपवाडचा_गडी | गुरुवार, रात्री ८:३०

काका, मोजलं. डीसी क्लॅम्प वेल्डिंगवाल्याकडूनच मिळाला.

सकाळी ८:१० ला ४१ अँपिअर. दुपारी ३ ला ३० अँपिअर. व्होल्ट दोन्ही वेळा २२० च्या आसपास. पट्टी गंजलीय, पण घासल्यावर ६० टक्के एवढं वाचता आलं.

ड्रायव्हरशेजारी एक तास बसलो. साठातली बावन्न मिनिटं स्विच चालूच! रिकामा मॅग्नेट परत नेताना चालू, ट्रकवाला गाडी लावेपर्यंत चालू, फोन आला तरी चालू. विचारलं तर म्हणतो, "सारखं चालू-बंद केलं की खराब होतंय." हे ज्ञान त्याला कुणी दिलं देव जाणे.

---

कराडचा_मास्तर | गुरुवार, रात्री ९:४५

हे आकडे तर वर्गात द्यावेत असे आहेत! निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण खडू हातात घ्यावासा वाटतोय.

आधी पॉवरहाऊस यांची शंका. गरम लोखंडाचं चुंबकत्व जातं हे खरं, पण त्यासाठी लोखंड ७७० अंशांपर्यंत तापावं लागतं. लालबुंद. सांगलीचं ऊन कितीही कडक म्हटलं तरी तिथवर जात नाही. आणि फेरे एकमेकांना चिकटले असते तर तारेची लांबी कमी होऊन करंट वाढला असता. इथं तो कमी झालाय.

तापलंय ते लोखंड नाही, तार तापलीय. २२० भागिले ४१, सकाळचा रोध झाला साडेपाच ओहमपेक्षा थोडा कमी. २२० भागिले ३०, दुपारचा सात ओहमच्या वर. वाढ सुमारे ३७ टक्के. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल ॲल्युमिनियमच्या पट्टीची असली तरी आकडा जवळजवळ तोच. ३७ ला ०.३९ ने भागा, ९५ आले. सकाळी आवारात ३० अंश होते असं धरलं तर दुपारी तुमच्या कॉइलच्या आतलं सरासरी तापमान सव्वाशेच्या घरात आहे. आत हात न घालता, नुसत्या क्लॅम्पवरून ताप मोजला. डॉक्टरला काखेत थर्मामीटर लागतो, आपल्याला तोही नको.

आता उचल का घटली? चुंबकाची ओढ तारेचे फेरे आणि अँपिअर यांच्या गुणाकारावर अवलंबून. फेरे तेवढेच, अँपिअर घटले. आणि ओढ ही चुंबकीय क्षेत्राच्या वर्गानं बदलते. करंट पाऊणपट झाला तर कागदावर ओढ निम्म्यावर यायला हवी. तुमची ५५० वरून ३५० झाली, म्हणजे कागदापेक्षा बरीच म्हणायची. सकाळी मॅग्नेटचं लोखंड चुंबकत्वानं जवळजवळ तुडुंब भरलेलं असतं, त्यामुळे हा फरक.

---

मिसळ_कमी_तर्री_जास्त | गुरुवार, रात्री १०:००

मास्तर, तुमच्या वर्गात असतो तर नापास झालो नसतो. तरी एक राहिलंच. विकणाऱ्याचे दहा टन गेले कुठं?

---

कराडचा_मास्तर | शुक्रवार, सकाळी ७:३०

दहा टन ही थाप नाही. अर्धं सत्य आहे.

चुंबकाच्या तोंडाशी १ टेस्ला क्षेत्र असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण चार किलोची ओढ असते. म्हणजे जाड, सपाट, स्वच्छ लोखंडी ठोकळा तोंडाला घट्ट टेकला तर हजार चौरस सेंटिमीटरवर चार टन धरले जातात. १२०० चा मॅग्नेट अशा ठोकळ्याला टनावारी उचलेल, यात शंका नाही.

पण तुमच्या आवारात ठोकळा कुठाय? सायकलची फ्रेम, पत्र्याचे डबे, वाकड्या सळ्या. तोंडाला टेकतात त्या चार-दोन टोकांनी, बाकी सगळी हवा. चुंबकाच्या हिशोबात एक मिलिमीटर हवा ओलांडणं म्हणजे मऊ लोखंडातून मीटरभर चालण्यासारखं. त्यात पहिल्या थराला दुसरा थर लटकतो, दुसऱ्याला तिसरा, आणि दर थराला हवेचा जकात नाका. म्हणून ठोकळा टनांत, मिक्स भंगार काही शे किलो, आणि भुसभुशीत टर्निंग त्याहून कमी. जुना मॅग्नेट घेताना "किती टन" असं विचारायचंच नसतं. "माझा माल किती किलो" असं विचारायचं, तेही चार तास चालवून गरम झाल्यावर.

जाता जाता. विल्यम स्टर्जननं १८२४ मध्ये पहिला विद्युतचुंबक केला तेव्हा तारेवर वेष्टण नव्हतं. त्यानं लोखंडाच्या नालालाच वार्निश लावलं आणि उघडी तार फेऱ्या-फेऱ्यांत अंतर ठेवून गुंडाळली. अठराएक फेरे. चार किलो उचलले, आणि लोक चकित! मग अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं तारेलाच वेष्टण दिलं. त्यामुळे तार दाटीनं, थरावर थर गुंडाळता आली, आणि १८३१ मध्ये त्याचा चुंबक नऊशे किलोंहून जास्त वजन पेलू लागला. लोखंड तेच, वीज तीच. तारेवरच्या कपड्यानं फरक केला. तुमच्या दुपारच्या उष्णतेत जे भाजतंय ते हेच वेष्टण आहे, म्हणून ही गोष्ट सांगितली.

---

निवृत्त_वायरमन | शुक्रवार, सकाळी ८:२०

मास्तरांनी निदान केलं, आता पथ्य मी सांगतो.

६० टक्के ड्यूटी म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं चालू, चार बंद. तुमचा ड्रायव्हर साठात बावन्न चालवतोय. मॅग्नेटला पंखा नसतो, थंड व्हायला फक्त वेळ असतो. तो वेळच तुम्ही देत नाही.

मॅग्नेट ढिगावर आधी टेकवायचा, मग स्विच. वरून चालू करून खाली नेला तर काही जास्त येत नाही. चालू केल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं. इतक्या मोठ्या कॉइलमध्ये करंट एका झटक्यात चढत नाही, हळूहळू भरतो. भरायच्या आधी उचलला की वाटेत माल गळतो, आणि ड्रायव्हर म्हणतो मॅग्नेटात दम नाही. ट्रकवर सोडला की बंद. रिकामा परत येताना बंदच. चालू-बंद केल्यानं मॅग्नेट खराब होत नाही. पॅनेलमधले कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, झिजतात, ते बदलता येतात.

पाणी मारून थंड करायचं डोक्यात येईल. करू नका. तापलेल्या अंगावर गार पाणी पडलं की जोड चिरतात, ओल आत शिरते, मग खरंच रिवाइंड.

चुऱ्याच्या मिशांचं कारण वेगळं. करंट बंद केला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व मागे राहतं. जड माल त्याला जुमानत नाही, हलका चुरा लोंबकळतो. म्हणून चांगल्या पॅनेलमध्ये बंद करताना क्षणभर उलटा करंट देतात, थोडासाच. राहिलेलं पुसून जातं. तुमच्या पॅनेलचं दार उघडून फोटो टाका.

आणि एक, हे गमतीत घेऊ नका. मॅग्नेट चालू असताना त्याची केबल कुणी ओढू नये, प्लग काढू नये. कॉइलमध्ये साठलेली ताकद वाट मिळेल तिथून बाहेर पडते. हातभर ठिणगी निघते, पॅनेल फुटतं, माणूस जातो. तिला जिरवायला पॅनेलमध्ये रेझिस्टन्स असतो, तो जागेवर आहे का तेही बघा.

---

कुपवाडचा_गडी | शुक्रवार, रात्री ९:१५

फोटो टाकला आहे काका.

---

निवृत्त_वायरमन | शुक्रवार, रात्री ९:५०

डावीकडचा दुसरा कॉन्टॅक्टर दिसतोय ना, ज्याच्या वायरीला काळी टेप गुंडाळलीय? तोच उलट्या करंटचा. आधीच्या मालकानं सोडवून ठेवलाय. बहुतेक टायमर बिघडला असेल. उलटा करंट जास्त वेळ राहिला की मॅग्नेट उलट्या दिशेनं पुन्हा भरतो आणि सोडलेला माल परत उचलतो, मग वैतागून काढून टाकला असेल. नवा टायमर घ्या, अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करा, चुऱ्यावर बघत बघत जुळवा. जाणता वायरमन बोलवा, आणि जनरेटर बंद करून मगच हात घाला.

---

ऊसवाला_फिटर | शनिवार, सकाळी ११:००

धागा बघून राहवेना. साखर कारखान्यात मिल हाउसला आहे, वाळवा तालुका.

आमच्यात पण मॅग्नेट हाय, पण त्याचं काम उलटं. तुमचा लोखंड मिळवायला, आमचा लोखंड टाळायला. ऊस तोडताना मोळीत कोयता राहतो, गाडीची साखळी, नट-बोल्ट, कधी बैलाच्या पायातली पत्री. ते उसाबरोबर रोलरमध्ये गेलं की रोलरचे दात गेले, आणि गाळप बंद. म्हणून चुरलेला ऊस पट्ट्यावरून मिलकडे जातो तिथं वर मॅग्नेट टांगलेला असतो. उसाच्या थरातून लोखंड उपसून वर धरतो.

इथं टेकवायची सोय नाही, वीतभर लांबून ओढायचं असतं. म्हणून भलामोठा लागतो आणि हंगामभर चोवीस तास चालू. त्याची कॉइल त्याच हिशोबानं बांधलेली, थंड करायची सोय वेगळी. ड्यूटीचा प्रश्न आमच्याकडं येत न्हाई, पण तुमच्या ६० टक्केवाल्याला आमच्यागत चालवाल तर रडाल.

हंगाम संपला की जमलेले कोयते बघायला या. ऊसतोड्यांची टोळी येते, आपापला ओळखून नेते. मुठीवरच्या दोऱ्यावरनं ओळखतात.

---

विट्याचा_गलाईवाला | शनिवार, दुपारी ४:३०

आमची तिसरी पिढी गलाईत. खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात हे सगळ्यांना ठाऊकच आहे. सोनाराच्या दुकानातला झाडलेला कचरा, कानसीचा कीस, हे आटवायला येतं तेव्हा पहिलं काम चुंबकाचं. कानशीचं लोखंड, करवतीच्या पात्याचे तुकडे आधी कागदाखाली चुंबक फिरवून काढायचे. कागद मध्ये ठेवायचा, म्हणजे चुंबक बाजूला घेतला की लोखंड आपोआप सुटतं, चुंबक खरवडत बसावं लागत नाही. तुमच्या उलट्या करंटचा गरिबाघरचा भाऊ म्हणा.

सोनं, चांदी, तांबं, जस्त काहीच चिकटत नाही. म्हणून चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे सोनं, असं कुणी सांगितलं तर पाकीट सांभाळा. पितळही चिकटत नाही.

---

विश्रामबागची_आजी | शनिवार, रात्री ८:००

लेकाच्या खात्यावरून लिहिते आहे. आमच्या वेळी भांडी घेताना दुकानात चुंबक लावून बघायचे. चिकटला नाही तर अस्सल स्टील म्हणायचे. आता सुनेनं इंडक्शनची शेगडी आणली, तर त्याला चुंबक चिकटणारीच भांडी हवीत म्हणे. मग अस्सल कुठलं?

---

बीडकाम_सातारा | शनिवार, रात्री ९:३०

आजी, नमस्कार. दोन्ही अस्सल, जाती वेगळ्या.

३०४ नंबरच्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते चिकटत नाही. ४३० मध्ये क्रोमियम असतं, निकेल जवळजवळ नाही. ते चिकटतं. ते चिकटतं म्हणून इंडक्शनलाही चालतं. आपली नवी एक-दोन रुपयांची नाणीही चिकटणाऱ्या जातीचीच, लावून बघा.

भंगारवाल्यांची खरी फसगत पुढे आहे. २०० नंबरच्या जातीत महागडं निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घालतात. तेही चिकटत नाही. म्हणजे चुंबकाला ३०४ आणि २०२ दोन्ही सारखेच परके, आणि भावात केवढा फरक! चुंबकावर भरवसा ठेवून ३०४ च्या भावानं २०२ घेतलेले मी पाहिलेत. त्यात आणखी एक, ३०४ चं सिंक कोपऱ्यात थोडं चिकटतं, कारण दाबून वाकवताना तिथली मांडणी बदलते. म्हणून नवशिक्या ते लोखंडात टाकतो. खात्री करायची तर तपासणीची एक्स-रे गन लागते, मोठ्या व्यापाऱ्यांकडे असते.

आणि गडी, तुम्हालाही सांगतो. मॅग्नेटनं उचललं म्हणजे ते शुद्ध लोखंड झालं, असं समजू नका. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीतून ट्रकच्या ट्रक फ्रीज आणि पाण्याच्या मोटारी निघाल्या. आमच्याकडेही त्या ढिगातला माल आला. फ्रीजचा कॉम्प्रेसर बाहेरून लोखंडी डबा, मॅग्नेट झकास उचलतो, आत तांब्याची तार. मोटारीचंही तेच. हे सरळ भट्टीत गेलं की तांबं लोखंडात विरघळतं आणि नंतर ते काढता येत नाही. पोलादात तांबं वाढलं की रोलिंगमध्ये कडा चिरतात. आम्ही काही ओतकामात स्वतःहून तांबं घालतो, पण तोलून. न विचारता आलेलं तांबं म्हणजे आमटीत दोघींनी मीठ घालण्यासारखं.

मोटरसायकलचे शॉकअप, बंद पाइप, गॅसचे सिलिंडर, हेही मॅग्नेट प्रेमानं उचलतो. आत तेल किंवा पाणी असेल तर भट्टीत स्फोट. ते हातानंच निवडायचं.

२०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत भंगारात आला होता, एक जण दगावला. मॅग्नेटला त्यातलंही काही कळत नाही. मोठ्या कारखान्यांच्या फाटकावर किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं असतात ती त्यासाठी.

---

कुपवाडचा_गडी | रविवार, सकाळी १०:२०

आजी, तुमच्यामुळं माझा पण फायदा झाला. आमच्याकडं स्टीलचा एकच ढीग होता. आता तो कुणाला तरी दाखवावा लागेल.

मास्तर, एक विचारायचं राहिलं. कागलकडे एकानं सांगितलं की जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, तुकडे पट्ट्यावरून आपोआप उडवणारं मशिन असतं, तेही चुंबकाचं. आता ॲल्युमिनियम तर चुंबकाला चिकटत नाही, मग उडतं कसं?

---

कराडचा_मास्तर | रविवार, दुपारी १२:४५

चिकटत नाही, पण हलत्या चुंबकाला घाबरतं असं समजा.

घरी करून बघा. ॲल्युमिनियमचा वीतभर पाइप उभा धरा आणि वरून लहानसा ताकदवान चुंबक सोडा. दगड सोडला तर टपकन पडेल, चुंबक मात्र लाडात येऊन हळूहळू उतरतो. पाइपला तो चिकटत नाही. पण चुंबक हलला की पाइपच्या अंगात भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह फिरतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते त्या हालचालीला विरोध करतं. हा लेंझचा नियम, १८३४ चा.

त्या मशिनमध्ये पट्ट्याच्या शेवटच्या रोलरच्या आत दुसरा एक रोटर असतो. त्यावर निओडायमियमचे चुंबक, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे ओळीनं, आणि तो पट्ट्यापेक्षा कितीतरी जोरात फिरतो. वरून ॲल्युमिनियमचा तुकडा गेला की त्याच्यात भोवरे उठतात आणि तो पुढे फेकला जातो. प्लॅस्टिक, काच, लाकूड जागच्या जागी खाली पडतं. मध्ये एक फळी, पलीकडे जर्मन, अलीकडे कचरा. तांबं वीज चांगली वाहून नेतं, पण जड असल्यानं ॲल्युमिनियमइतकं लांब उडत नाही. बारीक चुरा आणि पातळ फॉइल यांच्यात भोवरा नीट धरत नाही, तेही उडत नाहीत.

फक्त त्याच्या आधी लोखंड काढून घ्यायला हवं. लोखंडाचा तुकडा त्या रोटरवर चिकटून तिथंच तापत बसला तर पट्टा जाळतो. म्हणजे तुमच्या मॅग्नेटची नोकरी काही जात नाही.

---

पॉवरहाऊस_७७ | रविवार, दुपारी १:३०

रिवाइंडचा सल्ला मागे घेतो. मास्तर, शाळेत तुमच्याकडे पाठवायला हवं होतं मला.

---

कुपवाडचा_गडी | पुढच्या आठवड्यात, गुरुवार, रात्री ९:००

उशीर झाला, माफी असावी. हिशोब देतो.

ड्रायव्हरला काकांचं पथ्य सांगितलं. दोन दिवस तोंड फुगवून होता. मग केबिनमध्ये एक दिवा लावून दिला, स्विच चालू असला की लाल पेटतो. आता साठ मिनिटांत तेहेतीस-चौतीस मिनिटं चालू राहतो. दुपारी तीनला क्लॅम्प लावला, ३३ अँपिअर. उचल चारशे वीसच्या आसपास. सकाळचे साडेपाचशे दुपारी येणार नाहीत हे कळलं. पण साडेतीनशेवरून सत्तर किलो जास्त, तेही फुकटात. डिझेल वाचलं ते वेगळंच.

उलट्या करंटचा टायमर नवा टाकला. पहिल्यांदा एक सेकंद ठेवला, तर खरंच सोडलेला चुरा परत उचलला! पोरगं काठी टाकून हसायला लागलं. शेवटी पाऊण सेकंदावर जुळला. आता मिशा निघतात, थोड्या राहतात त्या राहू देत.

क्रशरचा जबडा शिरोलीच्या ओतकामवाल्यानं नेला, मिक्सपेक्षा चांगल्या भावानं. स्टीलचा ढीग अजून तसाच आहे, गनवाला माणूस सोमवारी येतोय.

काका, मेगर, म्हणजे वेष्टण तपासायचं मीटर, लावायचं म्हणाला होता ना फोनवर? वायरमन म्हणतो पाऊस पडून गेल्यावर लावू.

---

निवृत्त_वायरमन | गुरुवार, रात्री ९:३५

पाऊस पडायच्या आधी एकदा आणि पडून गेल्यावर एकदा. दोन्ही आकडे दारावर खडूनं लिहून ठेवा. एकट्या आकड्याला अर्थ नसतो, किती घसरला ते बघायचं असतं. आणि मॅग्नेट रात्री उघड्या चिखलात उलथून ठेवत असाल तर बंद करा, दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवा.

---

मिसळ_कमी_तर्री_जास्त | गुरुवार, रात्री ९:५०

गडी, तो लाल दिवा आमच्या ऑफिसात पण बसवता येईल का? साठात तेहेतीस मिनिटं मला पण चालतील.

---

ऊसवाला_फिटर | शुक्रवार, सकाळी ७:००

तुला ड्यूटीची पट्टी घासून बघावी लागंल आधी. गडी, तेवढा स्टीलचा ढीग दाखवला की काय निघालं ते लिहा, आमच्या कारखान्यात पण जुन्या पाइपांचा असाच एक पडलाय.